अकराव्या फर्म्याची गाठ

शाळेच्या ग्रंथपालबाई तो जाडजूड शब्दकोश दोन्ही हातांत धरून दुकानात आल्या, तेव्हा डावरी खळ ढवळत होती. पुस्तक बघितलं आणि तिचा हात थांबला.

“काय सांगू तुम्हाला!” ग्रंथपालबाई खुर्चीत टेकत म्हणाल्या. “दोन पोरांची जुंपली याच्यावरून. एक म्हणतो मी आधी घेतला, दुसरा म्हणतो मी. धरली दोन टोकं आणि लागले ओढायला. पुठ्ठा याच्या हातात, पानं त्याच्या हातात. चांगली खरडपट्टी काढली दोघांची. पण एक मानलं पाहिजे हं, आतलं पान न् पान जागच्या जागी! चाळीस वर्षं तर सहज झाली असतील. तुमच्या वडिलांचं काम, दुसरं काय. तसा हात आता कुणाचा राहिलाय?”

डावरी नुसतं “हं” म्हणाली.

“घाई नाही. सावकाश द्या. शब्दकोशावाचून कसं होतं ते कळू दे जरा कार्ट्यांना,” असं म्हणून बाई गेल्या.

डावरीनं शब्दकोश कोऱ्या कागदात गुंडाळला आणि सगळ्यात वरच्या फळीवर ठेवून दिला. चार दिवस तिनं त्याच्याकडे मान वर करून बघितलं नाही.

आता खरं तर मामला किती साधा! पुस्तकाच्या कण्यावरची जुनी कापडी जाळी आणि वाळलेली खळ भिजवून खरवडायची, नवी जाळी चिकटवायची, नवा पुठ्ठा चढवायचा, की संपलं. ही बाई असली कामं बोलता बोलता उरकते. पन्नाशी ओलांडली तरी नजर पक्की आहे आणि हात त्याहून पक्का. हात म्हणजे डावा. त्यावरूनच शाळेत पोरांनी तिला डावरी म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव असं काही चिकटलं, की नवीन आलेलं गिऱ्हाईकही दुकान विचारताना “ते डावरीचं बाइंडिंग कुठंय?” असंच विचारतं. तिला त्याचं आता काही वाटत नाही. पण त्या जाळीखाली काय आहे, हे बघायची तिला बेचाळीस वर्षं इच्छाही होती आणि धास्तीही. म्हणून तर ते पुस्तक फळीवर जाऊन बसलं होतं.

ती दहा वर्षांची होती तेव्हा दुकान याच जागी होतं आणि अगदी असंच होतं. रस्त्याकडे तोंड केलेली लांबट खोली. दाराशी कागद कापायचं यंत्र, त्याला हात लावायची सक्त मनाई. मधोमध मोठं टेबल, त्यावर खळीचे इतके थर वाळलेले, की मूळचं लाकूड कुठलं ते सांगता आलं नसतं. भिंतीशी पुस्तकं दाबून ठेवायचा लोखंडी शिकंजा. त्याच्या चाकाला ती लोंबकळायची आणि आईचा ओरडा खायची. आई खिडकीशी बसून हाडाच्या पट्टीनं कागद दुमडायची. सर्र, सर्र, असा एकसारखा आवाज. चारच्या सुमाराला ऊन टेबलाच्या कोपऱ्यापर्यंत यायचं, शिजवलेल्या खळीचा वास सुटायचा आणि शाळेतून आलेल्या डावरीला वाटायचं, सुटलो बाई एकदाचे. जगात एवढी एकच खोली होती जिथे तिला कुणी हसत नव्हतं.

शाळेत तिचं फार काही चालायचं नाही. पहिल्याच वर्षी बाईंनी पेन्सिल तिच्या डाव्या हातातून काढून उजव्या हातात दिली आणि तिथून सगळंच बिनसलं. अक्षर कोंबडीच्या पायासारखं. कात्री चालेना, रेघ सरळ येईना. मग उत्तर येत असलं तरी ती हात वर करायची नाही, कारण हात वर केला की आधी तो कुठला हात आहे यावरच खसखस पिकायची. नंतर नंतर तर कुणी काही करायला सांगितलं, की तिच्या तोंडून आपोआप यायचं, “मला नाही येत.” घरी आल्यावरही तेच.

बाबांना ते ऐकवायचं नाही. बाबा माणूस तसे कमी बोलणारे आणि कामात कडक. पान वाकडं लागलं म्हणून आठवड्याचं काम उसवणारे. पण या एकुलत्या एक पोरीपुढे त्यांचं काही चालत नसे. एक दिवस त्यांनी तिला शेजारच्या स्टुलावर बसवलं, मेण लावलेला दोरा सुईत ओवून दिला आणि म्हणाले, “चल, आजपासून वह्या तू शिवायच्या.”

हे काम काय असतं ते दोन शब्दांत सांगायला हवं. मोठा कागद दुमडत दुमडत सोळा पानांचा जुडगा होतो, त्याला म्हणतात फर्मा. फर्म्याच्या दुमडीत टोच्यानं भोकं पाडायची, त्यातून सुई आतबाहेर न्यायची, मग त्यावर दुसरा फर्मा ठेवायचा, त्यावर तिसरा. आणि प्रत्येक फर्मा शिवून झाला, की टोकाला त्याची खालच्या फर्म्याशी गाठ मारायची. ती गाठ म्हणजे सगळं. ती राहिली, तर तो फर्मा आपला शेजाऱ्यांच्या भरवशावर उभा. आणि हे सगळं वरून जाळी लावली, पुठ्ठा चढवला, की कायमचं झाकलं जातं. चांगली शिलाई कुणाला दिसत नाही. पुस्तक मोडलं तरच ती दिसते. म्हणून बाबांचा दुकानातला पहिला नियम होता, धड पुस्तक उसवायचं नाही. नुसतं बघायचं म्हणून तर नाहीच नाही.

तर डावरी बाबांच्या हाताकडे बघून शिवायला लागली. बाबा उजवीकडून सुरुवात करायचे आणि डावरीच्या हाताला डावीकडून बरं पडायचं. त्यामुळे त्यांचा हात बघावा तर आपला गोंधळ व्हावा, अशी गत. दोरा सैल पडायचा, गाठी भलतीकडेच बसायच्या. पण बाबा वही हातात घेऊन म्हणायचे, “वा! झकास! अगं, माझ्याहून चांगली शिवलीस की!”

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती शाळेत गेली, की बाबा ती वही उसवायचे आणि स्वतः पुन्हा शिवायचे. संध्याकाळी ती परत यायची तोवर वही पुठ्ठ्यासकट तयार.

बाबांची एक खोड होती. काम गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी ते पुस्तक एका पानाला चिमटीत धरून उचलायचे आणि गदागदा हलवायचे. एका पानावर अख्खं पुस्तक! बघणाऱ्याच्या काळजात धस्स व्हायचं आणि बाबांना त्याचीच गंमत वाटायची. आता ते वही तशी हलवायचे आणि म्हणायचे, “लेकीनं शिवलीय बरं का.” गिऱ्हाईक म्हणायचं, “काय सांगता!” कोपऱ्यात उभ्या डावरीच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

आई एकदा म्हणाली, “अहो, हे बरं नाही चाललंय.”

“लहान आहे गं. खूश होते बिचारी. शिकेल हळूहळू.”

झालं भलतंच. खूश झालेली डावरी शाळेत बोलून गेली, की आमच्या दुकानातल्या वह्या मी शिवते. हस्तकलेच्या बाईंनी ते ऐकलं. बाई मनानं चांगल्या होत्या. त्यांना वाटलं, या पोरीला एकदा तरी सगळ्यांपुढे उभं राहू दे. पुढच्या तासाला त्यांनी कागद, सुई, दोरा सगळं आणलं आणि म्हणाल्या, “मुलांनो, आपल्या वर्गातच एक बाइंडर आहे! या, डावरीबाई.”

आणि डावरी गेली. आयुष्यात पहिल्यांदा कुणी बोलवल्यावर ती न घाबरता पुढे गेली. सगळ्या वर्गासमोर तिनं चार फर्मे शिवले, डाव्या हातानं, अगदी ऐटीत. शिवून झाल्यावर तिला वाटलं, बाबा करतात ते केल्याशिवाय काम पुरं कसं होईल? तिनं वही एका पानाला चिमटीत धरली, उंच केली आणि गदागदा हलवली.

कागद वर्गभर झाले. काही बाकांखाली गेले, एक तर खिडकीतून बाहेर. तिच्या हातात तेवढं ते एकच पान राहिलं. आधी एक क्षण कुणालाच काही कळलं नाही आणि मग जो हशा पिकला, तो थांबेना. बाई “असू दे, असू दे, होतं असं” म्हणत स्वतः वाकून कागद गोळा करत होत्या. तेवढ्यात पहिल्या बाकावरची एक मुलगी शेजारणीला म्हणाली, “हिचे बाबाच करून देत असणार गं सगळं.” तिनं ते हळू म्हटलं होतं, पण डावरीला बरोबर ऐकू आलं.

त्या दिवशी ती दुकानात आली ती थेट टेबलाकडे गेली. बाबा काम पोचवायला बाहेर गेले होते. तिनं शिवलेली सगळ्यात पहिली वही बाबांनी तिलाच बक्षीस दिली होती, ती दप्तरात असायची. तिनं ती काढली, पातं घेतलं आणि पुठ्ठा कण्यापासून कापून टाकला. आईची हाडाची पट्टी तिथल्या तिथे थांबली. डावरीनं जाळी ओरबाडली. खाली गाठी एकीखाली एक, सरळ, घट्ट. आणि पहिल्या फर्म्याशी सुरुवातीच्या गाठीचं शेपूट उजवीकडे होतं. तिचं कधीच उजवीकडे नसायचं.

बाबा आले. तिनं ती वही त्यांच्यापुढे धरली.

“हे कुणी शिवलं?”

“अगं, तूच तर...”

“सांगा आता,” आई खिडकीशी बसूनच म्हणाली.

बाबांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. “मी,” ते म्हणाले.

“आणि बाकीच्या?”

“सगळ्या मीच.”

डावरी रडली नाही. ती वही टाकून वळली आणि आईजवळ जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली. आईचा मात्र तोल सुटला. “तरी मी सांगत होते! पोरीला वर चढवायला निघालात आणि शिडी दिलीत ती कागदाची! येत नाही म्हणून सांगितलं असतं, तर शिकली तरी असती. आता तुमच्या कुठल्या शब्दावर विश्वास ठेवायचा तिनं?”

आई म्हणाली तसंच झालं. डावरीनं सुईला हात लावणं सोडलं, आणि ते एक वेळ चाललं असतं. पण तिनं ऐकणंही सोडलं. बाबा म्हणायचे, “आज वेणी छान घातलीस.” ती म्हणायची, “खोटं.” बाबा म्हणायचे, “पाढा बरोबर म्हटलास गं.” ती म्हणायची, “खोटं.” रागानं नाही हो, नुसतं सांगितल्यासारखं. बाबा घास हातात धरून बसून राहायचे.

असे दोन-अडीच महिने गेले. मग एका रविवारी सकाळी बाबा अर्धवट दाढी केलेल्या तोंडानं दुकानात आले, गालाला साबण तसाच. तिचं स्टूल त्यांनी आपल्या शेजारून उचललं आणि टेबलाच्या पलीकडे, स्वतःच्या बरोबर समोर ठेवलं.

“इकडे ये. इथे समोर बस.”

“मला नाही येत.”

“नाहीच येत,” बाबा म्हणाले. ती चमकलीच. असं सरळ त्यांनी कधी म्हटलं नव्हतं. “तुला येत नाही, कारण मी तुला चुकीच्या जागी बसवलं. आत्ता आरशात बघताना डोक्यात आलं. माझा उजवा हात, तो तिकडे डावा दिसतो. शेजारी बसून माझं बघायला गेलीस तर सगळं उलटंच होणार. समोर बस. मी आरशातला आणि तू खरी. चूक तुझ्या हाताची नव्हती, स्टुलाची होती.”

मग त्यांनी ठराव केला. तिच्या शिलाईला ते कधी हात लावणार नाहीत. वाईट असेल तर वाईट म्हणतील, आणि उसवायचं तिचं तिनंच. बरं असेल तर बरं म्हणतील. आणि जे काम गिऱ्हाइकाला द्यायच्या लायकीचं असेल त्याला म्हणतील, टिकेल. बास. वा-बिवा काही नाही.

सुरुवातीला सगळं वाईटच होतं. बाबा म्हणायचे “वाईट” आणि ती मुकाट्यानं उसवायची. पण गंमत बघा, ते वाईट ऐकायला तिला बरं वाटायला लागलं. ते खरं आहे हे तिला दिसत होतं ना! तिसऱ्या आठवड्यात एका वहीला बाबांनी बोट लावलं आणि म्हणाले, “हे बरं आहे.” डावरीनं ती वही पुन्हा पुन्हा उलटून पाहिली, कुठे लबाडी सापडते का म्हणून. सापडली नाही. त्या संध्याकाळी ती शिकंज्याच्या चाकाला लोंबकळली आणि आईनं ओरडायचं सोडून तोंड फिरवून डोळे पुसले.

आणि मग शाळेचा शब्दकोश दुरुस्तीला आला. एक्कावन्न फर्मे! बाबांनी तो उसवला, पानं साफ केली आणि अख्खा गठ्ठा तिच्यापुढे सरकवला. “तू शीव.”

“मी? शाळेचा?”

“का, शाळेच्या पुस्तकाला वेगळी सुई लागते?”

रोज शाळा सुटली, की पाच-सहा फर्मे. समोर बाबा दुसरं काहीतरी शिवत बसलेले, पलीकडे आईची सर्र, सर्र. नवव्या दिवशी एक्कावन्नावा फर्मा झाला. तिनं दोरा कापला, कणा वर करून गाठींची रांग बघितली आणि तिचं बोट एका जागी थांबलं. खालून अकराव्या फर्म्याची एका टोकाची गाठच नव्हती. राहून गेली होती, केव्हाची. वर चाळीस फर्मे चढले होते.

कुणाला काही कळलं नसतं. सकाळी जाळी लागली असती आणि विषय मिटला असता. तिनं पुस्तक उलटं करून ठेवलं, परत सुलटं केलं. मग म्हणाली, “बाबा, अकराव्या फर्म्याची गाठ राहिली.”

बाबांनी चष्मा लावला. पुस्तक उजेडात नेलं, त्या जागी अंगठा दाबला, फर्मा ओढून बघितला, वरचा बघितला, खालचा बघितला. शाळेचं काम. वर बाबांचं नाव. वाकड्या पानापायी आठवड्याचं काम उसवणारा माणूस तो.

“टिकेल,” बाबा म्हणाले आणि पुस्तक खाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी आई मावशीकडे गेली होती. डावरी शाळेतून धावत आली, तर शब्दकोश जाळी लावून, पुठ्ठा चढवून शिकंज्यात. कणा झाकलेला.

“तुम्ही परत शिवलंत?”

“नाही.”

“ती गाठ तरी मारलीत ना?”

“हात लावला नाही. ठरलंय ना आपलं.”

डावरीनं मान डोलावली. विश्वास मात्र ठेवला नाही. कसा ठेवणार? पहिल्या वहीच्या वेळी “झकास” म्हणणारा चेहराही हाच होता, आणि तेव्हाही ती शाळेत गेली होती.

तेव्हापासून तो शब्दकोश शाळेच्या ग्रंथालयात, खिडकीजवळच्या घडवंचीवर. मुलं यायची, धसमुसळेपणानं पानं उलटायची. डावरी जाता येता त्याच्या पाठीवरून अंगठा फिरवायची. धड आहे. पुढे ती मोठी झाली, लग्न झालं, दुकान तिनं हातात घेतलं, दर वर्षी शाळेचं काम आणायला जायची तेव्हा आधी तिकडे बघायची. अजून धड आहे. कुणी तिच्या कामाची तारीफ केली, की ती हसून मान डोलवायची आणि आत कुणीतरी म्हणायचं, मागून कुणी परत शिवलं असेल तर? नवरा म्हणाला, तू दुकान छान चालवतेस, तरी तेच. एवढी शहाणी बाई, पण तो काटा काही निघाला नाही. तिशीत एकदा तिनं बाबांना पुन्हा विचारलं होतं. बाबा मिश्किल हसले, म्हणाले, “उघडून बघ की!” आणि लगेच स्वतःच म्हणाले, “पण धड पुस्तक उसवायचं नाही हं.” आईला विचारलं तर आई म्हणाली, “मी कुठं होते त्या दिवशी? पण ते नाही म्हणाले ना, मग नाही.” आई गेली, आणि नऊ वर्षांपूर्वी बाबाही गेले. विचारायला कुणी राहिलं नाही.

पाचव्या दिवशी दुपारी नात आली. शाळा सुटली की ती आजीच्या दुकानात येते, आईबाबा कामावरून येईपर्यंत. वय वर्षं नऊ. घरी तिचं भारी कौतुक, बूट स्वतः घातले तरी टाळ्या वाजतात. त्यामुळे काही खरं विचारायचं असलं, की ती दुकानात येते. आजही तिनं चित्राचा कागद पुढे केला. “आजी, कसंय?”

“घोड्याची मान बरी आहे. मागचे पाय वाईट.”

“मलापण तेच वाटत होतं,” नात समाधानानं म्हणाली आणि टेबलाच्या पलीकडे, आजीच्या समोरच्या स्टुलावर बसून पाय खोडायला लागली. खोडता खोडता तिची नजर वर गेली. “ते वरचं पुस्तक किती दिवस ठेवणारेस? तू कधी कुठलं काम ठेवत नाहीस.”

“करू.”

“तू घाबरतेस का त्याला?”

आता या पोरीशी खोटं बोलायचं नाही, हे डावरीनं ती जन्मली तेव्हाच ठरवलं होतं. “हो,” ती म्हणाली. आणि मग सगळं सांगितलं, वर्गभर उडालेल्या कागदांपासून शिकंज्यापर्यंत. नात रबर हातात धरून ऐकत राहिली.

“पण आता तर ते फाटलंय,” ती म्हणाली. “धड कुठंय? आता बघितलं तर चालतं.”

डावरीनं शब्दकोश खाली काढला.

कण्यावर ओली खळ फासली आणि दोघी वाट बघत बसल्या. मग डावरीनं आईची हाडाची पट्टी घेतली, झिजून निम्मी झालेली, आणि हळूहळू खरवडायला लागली. मऊ झालेली जुनी खळ गोळा होऊन यायला लागली. जाळीचं टोक सुटलं. तिनं ते चिमटीत धरलं आणि डोळे मिटले.

“आजी, डोळे उघड. असं कसं काढशील?”

जाळी निघाली. खाली पिवळा पडलेला दोरा. पहिल्या फर्म्याशी सुरुवातीच्या गाठीचं शेपूट होतं, आखूड, कडक झालेलं. डावीकडे.

डावरीला पुढचं दिसेना, सगळं धूसर झालं. नात मात्र कण्यावर नाक टेकवून बोटानं मोजत होती. “आठ, नऊ, दहा... आजी! इथे गाठच नाहीये! अकराव्याला गाठ नाहीये!”

“नाहीये ना?”

“नाहीये! शप्पथ. तू बघ.”

तिनं डोळे पुसले आणि बघितलं. एका टोकाला एक रिकामी जागा, भाताच्या शिताएवढी. वर दहा वर्षांच्या पोरीच्या कमीजास्त ओढलेल्या गाठी, खाली तशाच. कुणी हात लावला नव्हता. बाबांनी ती चूक बघितली होती, अंगठा लावून बघितली होती, आणि स्वतःच्या नावानं तशीच शाळेत पाठवली होती.

“बाबा,” डावरी मोठ्यानं म्हणाली, “खरं बोललात हो तुम्ही. आणि मी वेडी, बेचाळीस वर्षं...” टेबलावर डोकं ठेवून ती रडली. इतकी ती बाबा गेले तेव्हाही रडली नव्हती. नात उठून टेबलाला वळसा घालून आली आणि तिच्या पाठीवर हात फिरवत राहिली.

थोड्या वेळानं नातीनं हळूच विचारलं, “आता मारू का ती गाठ? मला येते.”

“नको गं राणी,” डावरी नाक पुसत म्हणाली. “राहू दे. टिकलीय.”

दोन दिवसांनी ग्रंथपालबाई आल्या. निळ्या कापडाचा नवा पुठ्ठा बघून खूश झाल्या. शब्दकोश हातात तोलत म्हणाल्या, “बाहेरचं तुम्ही छानच केलंत. पण आतलं वडिलांचंच हो, तो हातच वेगळा.”

डावरीच्या तोंडून नेहमीचं “हं” निघणार, तेवढ्यात समोरच्या स्टुलावरून नात उसळलीच.

“आजीनं शिवलंय ते! ती दहा वर्षांची होती तेव्हा! आणि अकराव्या फर्म्याची गाठ चुकलीय त्यात!”

ग्रंथपालबाई गोंधळल्या. त्यांनी पुस्तकाकडे बघितलं, मग डावरीकडे. “चुकलीय?”

“हो, चुकलीय,” डावरी म्हणाली. “माझीच आहे.” आणि तिनं पुस्तक त्यांच्या हातून परत घेतलं, मधलं एक पान चिमटीत धरलं आणि अख्खा शब्दकोश वर उचलून गदागदा हलवला.